ग्राफीनची दोर आणि हिंगणीची रताळी

प्लास्टिकमधून वीज जात नाही, हे वाक्य प्रभाकररावांनी नालवाडीच्या आपल्या दुकानात तीस वर्षं विकलं. बादली घ्या, टब घ्या, स्टूल घ्या, वर हे वाक्य फुकट. मोटारीचं बटण दाबताना प्लास्टिकच्या पाटावर उभे राहा, या एका सल्ल्यावर त्यांचे निम्मे पाट खपले होते. त्यामुळे त्याच प्रभाकररावांनी एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून "प्लास्टिकमधून वीज जाते" असं जाहीर केलं, तेव्हा अनुसयाबाईंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. असता तर बरं झालं असतं, कारण ताप गोळीनं उतरतो.

सगळं खापर भैयाजींच्या माथी फोडायला हरकत नाही. भैयाजींचा औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या दोऱ्या ओढायचा छोटा कारखाना. कुठल्याशा कंपनीच्या नाजूक इलेक्ट्रॉनिक मालाला घर्षणाच्या विजेचा झटका बसू नये म्हणून त्यांनी खास डबे करायचं काम घेतलं होतं आणि त्यासाठी काळ्या दाण्यांची पोती आणली होती. कंपनीनं काम रद्द केलं. पोती राहिली, आणि भैयाजी ती कोणाच्या तरी गळ्यात मारायला माणूस शोधत होते. देव असतो, तो अशा वेळी प्रभाकररावांना पाठवतो.

"पाहा शेठ," भैयाजी म्हणाले, "पेन्सिलीतलं शिसं असते ना, त्याचा एकच पापुद्रा काढला की झालं ग्राफीन. डोयाले दिसत नाई इतका पातळ. त्याचे तुकडे प्लास्टिकमधी टाकले की ते एकमेकाचे हात धरतेत. हात धरले की करंट निंगाला इकून तिकडं. फक्त कमी नाई टाकाचे. कमी टाकले तं हातच पोचत नाई. मंग ते राह्यलं नुसतं काळं प्लास्टिक."

प्रभाकररावांनी शेवटची तीन वाक्यं ऐकलीच नाहीत. त्यांचं चित्त तोवर हिंगणीला पोचलं होतं, आपल्या साडभावाच्या वावरात.

साडभाऊ हे नातं मोठं मजेदार आहे. सख्ख्या बहिणींशी लग्न केलं, एवढ्या एकाच गुन्ह्यासाठी दोन अनोळखी पुरुषांना जन्मभर एका पंगतीत बसवतात. प्रभाकररावांच्या शेजारच्या पाटावर बत्तीस वर्षं पुंडलिकराव बसत आले. अनुसयाबाईंच्या थोरल्या बहिणीचे, कुंताबाईंचे ते यजमान. बोरच्या जंगलाला लागून त्यांचा भाजीचा मळा. उन्हातान्हात राबणारा तो माणूस, आणि सावलीत बसून बादल्या विकणं हा कामाचा प्रकार आहे हे त्यांना कधी पटलंच नाही. प्रभाकररावांना ते 'बालटीशेठ' म्हणत. लग्नकार्यात, चारचौघांत, आणि विशेषतः प्रभाकररावांनी नवा सदरा घातला असेल तेव्हा.

पुंडलिकरावांनी त्या वर्षी एकरभर रताळी लावली होती. महाशिवरात्रीला अख्खा जिल्हा उपास करतो आणि रताळ्यावर तुटून पडतो. पण रानडुकरं शिवरात्रीची वाट पाहत नाहीत. त्यांच्यासाठी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, झटका मशीन होतं. सौर पेटीवर चालणारं, तारेतून थांबून थांबून झटका सोडणारं, ज्यानं डुक्कर मरत नाही, फक्त विचार बदलतं. अडचण डुकरांची नव्हती, माणसांची होती. तार लोखंडाची, म्हणून चोर ती वर्षातून दोनदा गुंडाळून नेत.

"प्लास्टिकची दोर कोन चोरते?" प्रभाकररावांनी हिंगणीच्या ओसरीवर बसून सवाल टाकला. "भंगारवाला उभा करनार नाई त्याले. अन् करंट तोच! मी देतो करून. आपलं घरचं काम हाय."

"बालटीतून करंट काढून राह्यले आता," पुंडलिकराव खांबाला म्हणाले.

पण कुंताबाईंनी ऐकून घेतलं. धाकट्या बहिणीचा नवरा म्हणजे जावई, आणि जावयाचा शब्द एकदम खाली पाडायची त्यांची रीत नव्हती. "जवाईबापू म्हनतेत तं लावून पाहू," त्या म्हणाल्या. "पन बापू, या रताळ्यावर माहा पुरा उन्हाळा हाय. पोरीचं बाळंतपन हाय, विहिरीवरची मोटार भरून आनाची हाय. सांभाळून घ्या." आणि चोरांनी ठेवली तेवढी तार त्यांनी दुसऱ्याच दिवशी भंगारात घालून टाकली. परतीचा रस्ता बंद झाला. प्रभाकररावांना त्या रात्री झोप लागली नाही म्हणतात, पण ती आनंदानं. भीती वाटायला जेवढी अक्कल लागते, ती अजून यायची होती.

पहिला घाणा काढताना त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. महागाचे काळे दाणे नुसतेच वापरायचे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. त्यांनी भैयाजींना अर्ध्याहून जास्त साधे दाणे मिसळायला लावले. भैयाजी दोनदा म्हणाले, "शेठ, हात पोचनार नाई." प्रभाकरराव म्हणाले, "पोचतेत. घाई काय हाय त्याईले?" दोर सुरेख निघाली, काळीभोर, चकचकीत. मीटर लावलं. काटा असा स्वस्थ पडून राहिला, जसा दुपारच्या जेवणानंतर प्रभाकरराव पडत.

त्या दोरीचे भेंडोळे त्यांनी दुकानात कपडे वाळवायची दोर म्हणून टांगले. पण तोवर शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं नालवाडीभर बातमी पसरवली होती की शेठ करंटची दोर विकतात. बायका दुकानासमोरून जाताना मुलांना आपल्या पलीकडच्या बाजूला घेऊ लागल्या. एका निवृत्त मास्तरांनी अंगणात अशी दोर बांधल्यास घरमालकावर कोणतं कलम लागतं ते समजावून दिलं. दुसऱ्या एकानं रबरी हातमोजे जोडीला ठेवायचा सल्ला दिला. ज्या दोरीत औषधालाही करंट नव्हता, तिला नालवाडीत कोणी बोट लावीना. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण हिंगणीत नेमकं याच्या उलट व्हायचं होतं.

दुसऱ्या घाण्याला मात्र त्यांनी काळजावर दगड ठेवून निखळ काळे दाणे ओतले. मीटरचा काटा टुणकन उडाला. भैयाजींच्या कारखान्यात पेढे वाटले गेले. उरलेला माल पाहून प्रभाकररावांना आणखी एक युक्ती सुचली. लोखंडी खांबांवर दोर अडकवायला चिमटे लागतात. हे चिमटे शेतकरी जुन्या पाइपाच्या, बाटलीच्या तुकड्यांचे करतात, दिसायला अगदी गबाळे. प्रभाकररावांनी उरलेल्या मालाचे झकास काळे चिमटे पाडून घेतले. दोरीवर चिमटे फुकट! ज्या दुकानदारानं आयुष्यात बादलीबरोबर एक मग फुकट दिल्याशिवाय गिऱ्हाईक सोडलं नाही, त्याच्या हातून दुसरं काय होणार होतं?

आता काम कायदेशीर करायचं, म्हणून ते वीजसुरक्षेच्या एका ऑफिसात गेले. कुठल्या ते विचारू नये. खिडकीमागे हर्षा मॅडम होत्या. अर्जात एक रकाना होता: तारेचा धातू.

"हा रिकामा का?" मॅडमनी विचारलं.

"धातू नाई मॅडम, प्लास्टिक हाय."

"प्लास्टिकमधून करंट जात नाही."

"याच्यातून जाते."

"मग ते प्लास्टिक नाही. धातूचं नाव लिहा."

"पन हाय तं प्लास्टिकच."

"मग करंट जात नाही. आणि करंट जात नसेल तर परवानगी लागत नाही. पुढचे या."

प्रभाकरराव चिवट. परवानगी लागत नाही असं लेखी द्या म्हणाले. मॅडमनी सांगितलं की न लागणाऱ्या परवानगीचं पत्र द्यायची तरतूद नाही. तिथून ते ग्रामपंचायतीत गेले. तिथे प्लास्टिकबंदीची फाइल उघडली गेली आणि ही दोर एकदा वापरून फेकायची की पुन्हा पुन्हा वापरायची, यावर तासभर खल झाला. शेवटी ठरलं की हे डुकरावर अवलंबून आहे. प्रभाकरराव मनात शिव्या घालत आणि तोंडानं नमस्कार करत बाहेर पडले.

दोर लागली. आठवडाभर आधी बोलावून ठेवलेलं निम्मं गाव धुऱ्यावर जमलं. प्रभाकररावांनी नवा सदरा घातला होता. मशीन टिक टिक करू लागलं. "कोनी हात लावू नका!" ते गरजले. लोक चार पावलं मागे सरले, आणि तो क्षण प्रभाकररावांच्या आयुष्यातला फार थोर क्षण होता. तो साधारण अर्धं मिनिट टिकला.

मग पुंडलिकराव पुढे आले. त्यांनी दोरीला एक बोट लावलं. मग दुसरं. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून दोरीवर वाळत घातला आणि वर कोपर टेकून उभे राहिले. "करंट कोनत्या वाराले येते?" त्यांनी विचारलं.

गाव हसलं. पोरांनी दोरीवर झोके घेतले. एका म्हातारीनं, गुडघ्याला शेक मिळतो का म्हणून, पाय लावून पाहिला. प्रभाकररावांनी स्वतः दोन्ही हातांनी दोर पकडली आणि झटक्यासाठी देवाचा धावा केला. माणूस सहसा उलटा धावा करतो. काही झालं नाही. सदरा तेवढा काळा झाला.

आठवडाभरानं डुकरं आली, दोरीखालून रुबाबात आत गेली, आणि रताळ्याच्या तीन सऱ्या नांगरल्यासारख्या उलथून गेली. फोन कुंताबाईंचा आला. त्या ओरडल्या नाहीत. "बापू, येऊन जाजा एक डाव," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर प्रभाकररावांना सोपं गेलं असतं. मोटारसायकलवर हिंगणीला जाताना त्यांना खरोखर लाज वाटत होती, आणि अर्धखाल्ली रताळी पाहून ती दुप्पट झाली. बाईनं माणूस म्हणून विश्वास टाकला होता, दुकानदार म्हणून नाही.

कुंताबाई धुऱ्यावर खांबाशी बसल्या होत्या. "बापू, मले अडानीले समजून सांगा," त्या म्हणाल्या. "या दोरीतून करंट जाते?"

"जाते म्हंजे? मीटरवर पाह्यला मी!"

"अन् हा चिमटा कायचा हाय?"

"त्याच मालाचा! अस्सल. एक दाना भेसळ नाई."

"मंग चिमट्यातून बी जात असन."

"शंभर टक्के!" प्रभाकररावांची छाती फुगली. त्या दिवसातला हा पहिला चांगला प्रश्न होता.

"अन् खांब लोखंडाचा हाय. जमिनीत गाडेल."

प्रभाकररावांनी दोरीकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं, मग खांबाच्या बुडाकडे. मशीन टिक टिक करत होतं. प्रत्येक टिकीला झटका दोरीत येत होता, पहिल्याच चिमट्यातून खांबात उतरत होता आणि मुकाट्यानं हिंगणीच्या मातीत जिरत होता. डुक्कर सोडून सगळ्या पृथ्वीला ते आठवडाभर झटके देत होते. बाटलीचे गबाळे तुकडे शेतकरी हौसेनं लावत नव्हते.

"फुकट देल्ते," ते कसेबसे म्हणाले.

"फुकटाचं असंच असते बापू," कुंताबाई म्हणाल्या आणि उठून घरातल्या झिजलेल्या चपला गोळा करायला गेल्या. दुपारपर्यंत दोघांनी विळ्यानं चपलांचे तुकडे पाडले आणि खांबाखांबावर चिमट्यांच्या जागी बांधले. हिंगणीतलं ते सर्वांत अत्याधुनिक कुंपण आता घरच्या फाटक्या चपलांवर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकराव नेहमीप्रमाणे आले. दोरीवर कोपर टेकून रस्त्यानं जाणाऱ्यांशी चार शब्द बोलायची त्यांना आता सवय लागली होती. त्यांनी दुपट्टा खांद्यावरून काढला, कोपर टेकलं, आणि पुढच्या क्षणी ते रताळ्याच्या सरीत बसलेले होते.

"काय झालं?" रात्री तिथेच मुक्काम केलेल्या प्रभाकररावांनी विचारलं. आवाजात काळजी होती. निदान तसा प्रयत्न होता.

"मुंगी चावली."

"मोठी असन."

"लाल," पुंडलिकराव म्हणाले आणि मागे न पाहता घरी गेले. त्यानंतर ते दोरीपासून पाच हात लांबून चालत. पण करंट आहे असं त्यांनी कबूल केलं नाही. घरी नाही, गावात नाही, भाच्याच्या साखरपुड्यात पंगतीला तर नाहीच. डुकरं यायची थांबली, तर म्हणाले, जंगलात चारा झाला असन. प्रभाकररावांना पैसा नको होता, हार नको होता. 'हाय बापा करंट' एवढं एकदा त्या तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी ते आठवड्यातून दोनदा हिंगणीला जाऊ लागले. दुकान अनुसयाबाई पाहत, आणि खरं सांगायचं तर विक्री वाढली.

डुकरं अर्थात जंगलात परतली नव्हती. ती शेजारच्या तानबाच्या हरभऱ्यात गेली होती. तानबानं तक्रार ठोकली: शेजाऱ्याच्या प्लास्टिकमुळे जनावरं माझ्या वावरात वळतात. शिवरात्रीला आठ दिवस उरले असताना त्याच वीजसुरक्षेच्या ऑफिसातले साहेब जीपमधून उतरले. पाहुणे येताना दिसताच कुंताबाईंनी मशीनचं बटण बंद केलं होतं. आलेल्या माणसाला झटका बसू नये, एवढी रीत त्यांना होती.

साहेबांनी दोर चिमटीत धरून पाहिली. "प्लास्टिक," ते म्हणाले. "यात कुठला करंट?" बंद मशीनकडे त्यांचं लक्ष नव्हतं, किंवा ते द्यायचं नव्हतं. करंट आहे असं निघालं तर त्यांना असा अहवाल लिहावा लागणार होता ज्याच्या नमुन्यात प्लास्टिकला रकानाच नव्हता. त्यांनी बाजेवर बसून स्वतःच एक जबाब लिहिला आणि पुंडलिकरावांपुढे धरला.

"सही करा, विषय संपला. करंट नाही म्हटलं की तक्रारीत दम नाही. दोर राहू द्या वावरात. करंट आहे म्हणालात तर मात्र विनापरवाना कुंपण. आत्ता जप्त करावं लागेल, चौकशी होईल, परवानगी येईपर्यंत धुरा मोकळा."

प्रभाकररावांनी क्षणात ओळखलं. सही झाली की साहेब जाणार, बटण दाबायचं, रताळी वाचणार. किंमत एवढीच की त्यांची दोर खोटी, हे सरकारी कागदावर कायमचं लिहिलं जाणार. त्यांनी कुंताबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "करा सही, पुंडलिकराव," ते म्हणाले. "नाई करंट. मीच चुकलो म्हना."

पुंडलिकरावांना यापेक्षा गोड वाक्य बत्तीस वर्षांत ऐकायला मिळालं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि जबाब सावकाश, चवीनं, ओठ हलवत वाचला. शेवटच्या ओळीवर ते थांबले.

"हे काय लिवलं साहेब? 'दुकानदाराने आमची फसवनूक केली.'"

"असंच लिहावं लागतं. करंट नाही आणि करंट आहे म्हणून विकली, म्हणजे फसवणूकच."

"फसवनूक," पुंडलिकराव पुन्हा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. "साहेब, हा मानूस येडा हाय. घरच्या चपला तोडून कुंपन बांधलं यानं. बालट्या विकून विकून याचं डोस्कं बी पोकळ झालं. मी हे कोनाच्या बी तोंडावर सांगीन. पन माहा साडभाऊ लबाड नाई."

"अहो, पण सही..."

"कुंते, बटन दाब."

कुंताबाईंनी एकदा रताळ्यांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि बटण दाबलं. पुंडलिकराव धुऱ्यापाशी गेले, दुपट्टा बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी दोर आवळून धरली. एक टिक झाली. ते नखशिखांत हलले. सोडली नाही. दुसरी टिक झाली.

"हाय!" ते दातांवर दात धरून ओरडले. "करंट हाय! लिवा! भल्ला करंट हाय!"

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी जड हातानं कोरा नमुना काढला आणि रकान्यावर पेन ठेवलं. "तारेचा धातू काय लिहू?"

पुंडलिकराव जमिनीवर बसून तळहात चोळत होते. "मले काय इचारता?" ते म्हणाले. "त्याले इचारा. आपल्यात समजते ते त्यालेच."

प्रभाकररावांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, त्यामुळे तोंडावर काळा पट्टा उमटला, आणि मग एकेक अक्षर सुटं करून त्यांनी साहेबांना 'ग्राफीन' हा शब्द सांगितला. साहेबांनी तो दोनदा चुकवला. ड्रायव्हर दोर गुंडाळू लागला. पाहता पाहता धुरा उघडा पडला, आणि पलीकडे जंगल अगदी जवळ दिसू लागलं.

कुंताबाई घरात गेल्या. तेलाचे दोन रिकामे डबे आणि दोन दांडकी घेऊन त्या बाहेर आल्या, आणि दोन्ही साडभावांच्या पुढ्यात एकेक डबा ठेवला.

"शिवरात्रीले आठ दिस हायेत," त्या म्हणाल्या. "वाजवा."